गॅरेजमध्ये पाणी शिरलं तेव्हा... (अनुभव धागा)

मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास जाग आली. खालून टक... टक... असा आवाज येत होता. चोर असेल म्हणून काठी घेऊन गेले, तर रंगाचा अर्धवट भरलेला डबा पाण्यावर तरंगत गाडीच्या दारावर ठोके देत होता. पाणी घोट्याच्या वर आलेलं.

शटरपाशी मी वाळूची पोती मोठ्या हौसेने रचून ठेवली होती. पाणी तिकडून आलंच नव्हतं. ते आलं फरशीतल्या जाळीतून, उलटं. बाहेरचं गटार तुंबलं, चेंबरमधली पातळी चढली आणि आमचीच नाली आम्हाला पाणी पुरवू लागली. वर पोत्यांमुळे ते बाहेरही जाईना! आता त्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. त्याची झडप एकाच दिशेला उघडते, पण तिच्यात काडीकचरा अडकला तर नीट मिटत नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करावी लागते.

तर धागा यासाठी (गाडी दुरुस्तीचं गॅरेज नव्हे, घराचं): तुमच्याकडे पाणी कुठून आलं, काय केलंत, काय फसलं? फसलेलं आधी लिहा.

*

पोत्यांबद्दल. आम्ही ती ठासून भरली होती. भरगच्च पोतं लोडासारखं गोल होतं आणि दोन लोडांमधून पाणी आरामात येतं. पोतं अर्धं किंवा फार तर दोन तृतीयांश भरायचं, तोंड दुमडून खाली दाबायचं आणि विटांसारखे सांधे चुकवत रचायचं. प्रत्येक थर पायाने तुडवायचा. पाण्याच्या बाजूला जाड प्लॅस्टिक अंथरून त्याची कड खालच्या थराखाली घ्यायची. एवढं करूनही थोडं झिरपतंच, तेव्हा आत उपसायला बादली हवीच.

*

मी उलटं सांगतो. अडवू नका, येऊ द्या.

आमचं गॅरेज घरापासून सुटं आहे. शटर अडीच मीटर रुंद. बाहेर अर्धा मीटर पाणी साचलं की त्या शटरवर साधारण ३०० किलोंचा रेटा येतो. पाणी दुप्पट चढलं तर रेटा चौपट होतो. आमचं शटर आधी आत फुगलं, मग रुळांतून निसटलं आणि सगळा लोंढा एकदम आत आला. ते वर्कबेंच भिंतीला जाऊन आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

नंतर दोन भिंतींना जमिनीलगत झरोके काढले. त्यांची खालची कड जमिनीपासून फूटभराच्या आतच हवी. अमेरिकेत यासाठी दर चौरस फूट जागेमागे एक चौरस इंच मोकळं तोंड असा हिशेब धरतात, तोच मी धरला. पाणी हळूहळू आत येतं, आतबाहेर पातळी सारखी राहते, भिंतीवर ताण येत नाही आणि पूर ओसरला की तसंच निघून जातं. आत पाणी सोसणार नाही अशी वस्तू खाली ठेवायची नाही, एवढीच अट.

*

वरच्या प्रतिसादाला: सुट्या गॅरेजला ठीक आहे हो! आमचं घराच्या पोटात आहे, आतलं दार थेट बैठकीत उघडतं. आम्ही काय येऊ द्यायचं?

आम्ही शटरबाहेर आडवी नाली खणून वर लोखंडी जाळी टाकली, शटरच्या खाली रबरी पट्टी बसवली आणि दोन्ही बाजूंना खाचा करून अॅल्युमिनियमच्या फळ्या सरकवायची सोय केली. आतल्या दाराला चांगला उंच उंबरा घातला. घरातले सगळे त्याला अडखळून मला शिव्या घालतात. मात्र पाणी कमरेपर्यंत चढायची लक्षणं असतील तर फळ्यांवर भिस्त ठेवू नये. तेव्हा भिंतच दगा देऊ शकते, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

*

माझा मूर्खपणा. पाणी ओसरलं, गाडी वरून कोरडी दिसत होती, म्हणून किल्ली फिरवली. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. न फिरवता ढकलत बाहेर काढली असती तर इंजिन वाचलं असतं.

*

रिमोटच्या शटरवाल्यांनी एक करा. लाइट गेल्यावर ते हाताने उघडायची दोरी कुठे आहे, ते आजच ओढून बघा. बहुधा लाल असते. मी अंधारात टॉर्च तोंडात धरून शोधली आहे.

*

सॉकेट छातीच्या उंचीवर घेतले. मेन स्विच पाणी यायच्या आधीच बंद करायचा. पाय पाण्यात असताना बोर्डाला हात लावायचा नाही.

पेट्रोलचा कॅन, कीटकनाशक, थिनर हे सगळं वरच्या फळीवर. फळी चिपबोर्डची नको. आमची बुडून फुगली, मोडली आणि वरचा माल पाण्यात. आठवडाभर वास जात नव्हता.

*

तळघरात गॅरेज असेल तर एकच सांगते: पाणी यायला लागल्यावर गाडी काढायला खाली उतरू नका. दक्षिण कोरियात पोहांगला २०२२ च्या वादळात असेच तळघरातल्या गाड्या हलवायला गेलेले सात जण बुडून गेले. अर्धा मीटर पाण्याने साधं खोलीचं दारही शंभरेक किलोने दाबलं जातं, बाहेर उघडत असेल तर ढकलून उघडत नाही. गाडी हलवायची ती इशारा आल्यावर, रस्ता कोरडा असताना.

आणि इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडली असेल तर ती परत गॅरेजमध्ये आणू नका. बॅटरी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही पेट घेऊ शकते. इमारतीपासून निदान १५ मीटर लांब उघड्यावर ठेवा.

*

धागाकर्ती परत. गाळाचं कुणी लिहिलं नाही म्हणून: तो ओला असतानाच फावड्याने ओढून काढा. मी दोन दिवस थांबले आणि मग खरवडत बसले.

व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलंय, त्या डब्याचं काय झालं? झाकण पक्कं होतं, थेंबही सांडला नव्हता. त्याच रंगाने भिंतीवर पाणी चढलं तिथपर्यंत रेघ मारली आणि तारीख लिहिली. आता तिच्या खाली फक्त गाडी आणि झाडू.