कोलॅप्सनंतर (हवेत छत्री मिटल्यावर) पॅराग्लायडिंगची भीती बसली आहे, आत्मविश्वास परत कसा आणावा? सल्ला हवा

उतरंड
नमस्कार. पाच वर्षं उडतोय, सव्वाशेच्या आसपास तास झालेत. विंग, म्हणजे डोक्यावरची कापडी छत्री, ईएन बी वर्गाची (ईएन हे युरोपीय सुरक्षा-मानक; ए सर्वांत सोपा वर्ग, बी त्यापुढचा), माझं वजन तिला ठरवून दिलेल्या रेंजच्या खालच्या टोकाला. अडीच महिन्यांपूर्वी काय झालं ते आधी सांगतो.

दुपारचा दीड. कड्यासमोर दणदणीत थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत) लागला आणि मी त्यात फिरत वर चढत होतो. थर्मल वाऱ्याबरोबर मागे झुकतो हे माहीत असूनही चढायच्या नादात त्याच्या मागे मागे गेलो आणि माथा ओलांडून पलीकडे कधी पोचलो ते ध्यानातच आलं नाही. चढ संपला. वाऱ्याकडे तोंड करून परत निघालो आणि उजव्या हातातला ब्रेक एकदम सैल पडला, जणू दोरीच्या टोकाला काही नाहीच. वर बघितलं तर उजवी बाजू निम्म्याहून जास्त मिटलेली. विंग उजवीकडे गरकन वळली आणि मी घाबरून डावा ब्रेक होता तेवढा सगळा खाली ओढला. डावी बाजूही मागे पडतेय असं जाणवलं तेव्हा कुठे हात वर गेला. दोन गिरक्या झाल्या, मग फट् असा आवाज आला आणि विंग उघडली. झाडांचे शेंडे तीसेक मीटर खाली होते. या सगळ्यात रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) हँडल मला आठवलंसुद्धा नाही. रात्री जाग येते ती याच एका गोष्टीने.

त्यानंतर चार उड्डाणं केली. चारही वेळा हात खांद्याखाली ओढलेले, नजर सतत वर विंगकडे, आणि पहिल्या धक्क्याला सरळ लँडिंगकडे. पूर्वी व्हॅरिओ (चढ-उतार सांगणारं यंत्र) वाजला की आनंद व्हायचा, आता पोटात गोळा येतो. सोबतचे म्हणतात, "चल, एकदा मोठं उड्डाण मार, सगळं जाईल." मला ते पटत नाही. यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू? एसआयव्ही (विंग मुद्दाम मिटवून सावरायला शिकवणारा कोर्स) लगेच करावं का? विंग बदलू का?

घार
आधी हे सांगते की तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. मोठं उड्डाण मारून भीती जात नाही. नशिबाने दिवस चांगला निघाला तर दबते, आणि पुढच्या धक्क्याला दुप्पट होऊन वर येते.

तुमच्या लिहिण्यात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, हे आभाळातून अचानक कोसळलेलं संकट नव्हतं. माथ्यामागे वारा खाली वळतो, तिथे रोटर (घुसळणारी हवा) असतो, आणि भर दुपारी तो सगळ्यात वाईट. म्हणजे कारण आहे आणि ते तुमच्या हातातलं आहे. त्या दिवसाचा जीपीएस ट्रॅक उघडा. प्रत्येक चक्रात तुम्ही किती मागे सरकलात, कुठल्या क्षणी परत फिरायला हवं होतं, ते कागदावर लिहून काढा. टेकऑफला वारा किती होता आणि वर किती, तेही. मी माझ्या वेळी हे केलं तेव्हा चार पानं झाली, आणि "हवेचा भरवसा नाही" हे वाक्य मनातून निघून "मी तिथे जायला नको होतं" हे वाक्य आलं. पहिल्या वाक्यावर काही करता येत नाही. दुसऱ्यावर येतं.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. हात खांद्याखाली ओढून उडू नका. बहुतेक विंग ट्रिमला, म्हणजे ब्रेक न ओढता, ताशी छत्तीस-अडतीस किलोमीटरने जातात आणि पंचविशीच्या आसपास स्टॉल होतात (उडणं सोडून कोसळतात). भीतीने ब्रेक खोल धरला की मधली जागा तुम्ही स्वतःच खाऊन टाकता. वरून अंगाला वाटतं की आपण विंग घट्ट धरली आहे. ब्रेकवर हलका ताण हवा, दोरीचं वजन बोटांना कळेल इतकाच.

आणि तो "सैल पडला" क्षण. तुमच्या हाताला डोळ्यांच्या आधी कळलं होतं! हीच ॲक्टिव्ह फ्लाइंगची, म्हणजे विंगची हालचाल ओळखून लगेच सावरण्याची, मुळाक्षरं आहेत. हात चुकले नाहीत, त्यांना पुढे काय करायचं ते पाठ नव्हतं. ते पाठ होतं जमिनीवर. महिनाभर उडू नका, पण आठवड्यातून तीनदा विंग घेऊन मैदानात जा. समोरून वारा घेऊन विंग डोक्यावर उभी करा आणि तिच्याकडे पाठ करून चाला. वर बघायचं नाही. विंग पुढे झेपावली की थांबवायची, मागे राहिली की हात वर सोडायचे, सगळं ब्रेकच्या वजनावरून. मग एका बाजूचे ए राइझर (पुढच्या दोऱ्यांचे पट्टे) ओढून मुद्दाम कोपरा मिटवा आणि शरीराचं वजन उघड्या बाजूला टाकून दिशा सांभाळा. दिशा आधी, उघडणं नंतर. हा क्रम शंभर वेळा हाताखालून गेला की हात तुमच्या परवानगीची वाट बघत नाहीत.

तळहात
घारताईंनी हाताचं सांगितलं, मी पोटातल्या गोळ्याचं सांगते.

माझा प्रसंग लँडिंगचा होता, तपशील राहू दे. पुढचे दोन महिने मी टेकऑफला जायची, विंग पसरायची, आणि काहीतरी कारण काढून गुंडाळायची. वारा जरा जास्त, ढग जरा काळा. खूप उशिरा कळलं की प्रत्येक वेळी गुंडाळल्यावर जी सुटका वाटत होती ती भीतीला खतपाणी घालत होती. तुमचं "पहिल्या धक्क्याला लँडिंगकडे" तसंच आहे. भीती शिगेला असताना उतरलं की शरीर शिकतं, उतरलो म्हणून वाचलो.

त्यामुळे उलटं करा, पण अगदी साध्या हवेत. भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, सोप्या उतारावरून, जिथे काही म्हणता काही होणार नाही असं तुमच्या प्रशिक्षकालाही वाटतं तिथून. हवेत गेल्यावर भीती येईल. येऊ द्या. चार मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर. जबडा सैल. पायाची बोटं बुटात हलवा, हे ऐकायला छोटं वाटतं पण माझी मांड्यांची थरथर यानेच थांबायची. भीती थोडी तरी ओसरेपर्यंत हवेत रहा आणि मग ठरल्याप्रमाणे उतरा. शक्य असेल तर पहिलं उड्डाण प्रशिक्षकाबरोबर टँडेममध्ये करा आणि ब्रेक तुमच्या हातात द्यायला सांगा.

एक फरक मात्र कधी विसरू नका. टेकऑफवर उभं राहून स्वतःला विचारा, मला नेमकं कशाचं भय वाटतंय? उत्तरात समोरचा ढग, झोंबणारा वारा, पलीकडे उडणारी धूळ असेल तर ऐका आणि विंग गुंडाळा, त्यात काही कमीपणा नाही. उत्तरात ती अडीच महिन्यांपूर्वीची दुपार असेल आणि समोर हवा शांत असेल, तर जा.

आणि रात्री जाग येते त्याबद्दल. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, झोप मोडणं, दचकणं हे महिन्याहून जास्त टिकलं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. सीबीटी, ईएमडीआर असे यावरचे नीट तपासलेले उपचार आहेत. मी गेले होते. तीन महिने जे एकटीने ओढत होते ते काही बैठकांत हलकं झालं.

पश्चिमवारा
एसआयव्ही करावंच, माझं स्पष्ट मत. पाण्यावर, भरपूर उंचीवर, लाइफ जॅकेट घालून, खाली बोट आणि कानात प्रशिक्षकाचा आवाज असताना हीच घटना पुन्हा घडवायची. कोलॅप्स स्वतःच्या हाताने केला की त्याचं गूढ जातं. तिथे रिझर्व्हही फेकून बघा, कारण तुमची झोप त्यानेच उडाली आहे. ईएन प्रमाणपत्र असलेला रिझर्व्ह चाचणीत सेकंदाला साडेपाच मीटरहून जास्त वेगाने उतरत नाही. हा वेग म्हणजे साधारण दीड मीटरवरून उडी मारण्याइतका. पाय जोडलेले, गुडघे सैल, अंग लोळवायचं. हे एकदा अनुभवलं की हँडल हा शेवटचा उपाय न राहता हाताशी असलेला उपाय होतो.

तोवर रोज घरी हार्नेस टांगून बसा. बघा, पकडा, ओढा, फेका, निम्मं मनात आणि निम्मं हाताने. प्रत्येक उड्डाणात टेकऑफनंतर एकदा हँडलला हात लावून बघा.

सावकाश
पश्चिमवारा, एसआयव्हीला माझा विरोध नाही, "लगेच"ला आहे. मी प्रसंगानंतर तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. पहिल्याच कोलॅप्सला हात गोठले, रेडिओवरचं काही ऐकू येईना, आणि दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. भीतीत आणखी एक भर. वर्षभराने पुन्हा गेलो तेव्हा तोच कोर्स फार सुंदर वाटला. आधी जमीन, मग शांत हवेतली दहा-पंधरा उड्डाणं, मग तो.

विंगबद्दल. उतरंड, तुम्ही रेंजच्या खालच्या टोकाला आहात हे कुणीच पकडलं नाही. हलक्या भाराने विंग सैलसर राहते, लवकर मिटते. थोडं बॅलास्ट (जादा वजन) घ्या किंवा एक साइज लहान बघा. वर्षभरासाठी ईएन ए वर आलात तरी फार चांगलं. ईएनच्या चाचणीत पायलट मुद्दाम कोलॅप्स करतो आणि नंतर हात न लावता विंग स्वतःहून कशी सावरते ते बघतात. ए ला त्यात सगळ्यात कमी वळायची मुभा असते. फक्त ती चाचणी शांत हवेतली आहे हे लक्षात असू द्या, रोटरमध्ये ए हे अक्षर कुणाला वाचवत नाही. खालच्या वर्गात जाणं म्हणजे मागे जाणं असं मनात येईल. येऊ देऊ नका. डोकं मोकळं राहिलं तरच शिकणं होतं.

उतरंड
सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय.

ट्रॅक उघडला. सहा चक्रांत चारशे मीटर मागे गेलो होतो, आणि तिसऱ्या चक्रापासून माथा माझ्या खाली होता. हे बघून पोटात ढवळलं, पण घारताई म्हणाल्या तसं वाक्य बदललं. मैदानात सतरा वेळा गेलो. पहिल्या आठवड्यात पाठ करून विंग दहा सेकंदही टिकत नव्हती, आता बोलत बोलत टिकते. मित्राकडून ईएन ए घेतली आहे, योग्य साइजची. सायकॉलॉजिस्टकडे तीन वेळा जाऊन आलो. जाग अजून येते, रोज नाही.

परवा संध्याकाळी पहिलं उड्डाण, बावीस मिनिटं. सहाव्या मिनिटाला डावीकडून छोटा धक्का आला आणि डावा ब्रेक हलका झाला. मी काही ठरवायच्या आत हात दोन बोटं खाली गेला होता आणि वजन परत हाताला लागलं. मग बराच वेळ मी नुसता समोर बघत होतो. व्हॅरिओ बंदच ठेवला होता, तो पुढच्या वेळी लावेन.

एसआयव्ही अजून चार महिन्यांनी धरलंय. त्याआधी काही तपासून घ्यायला हवं का?

सावकाश
दोऱ्यांची ट्रिम (लांबी) मोजून घ्या, विंग उसनी आहे. आणि रिझर्व्हची घडी शेवटची कधी घातली होती?

उतरंड
दोन वर्षं झाली. उद्याच देतो.