खालच्यांकडे केक घेऊन जाऊ का?

बी-५०१: नमस्कार. आम्ही बी विंगमध्ये नवीन राहायला आलोय. आमच्या घरी सध्या सुतारकाम चालू आहे. ड्रिलचा आवाज खाली फार जातो, असं जिन्यात कानावर आलं. मला बेकिंग येतं, म्हणून एक साधा केक करून खालच्या मजल्यावर नेऊन द्यावा असं मनात आहे. पण काम अजून आठवडाभर तरी चालेल. अशा वेळी केक नेलेला बरा दिसेल का? तुम्ही सगळे जुने आहात म्हणून विचारते.

ए-१०२: बिनधास्त न्या ताई. घरच्या केकला कोण नाही म्हणतं!

सी-२०३: मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आधी त्रास द्यायचा आणि मग केक द्यायचा, म्हणजे समोरच्याचं तोंड बंद करणं झालं. तो केक खाल्ला की बिचाऱ्याला तक्रारही करता येत नाही. भिडस्त माणसाची फार पंचाईत होते.

ए-१०२: काका, एवढा विचार कोण करतं?

सी-२०३: ज्याच्या डोक्यावर ड्रिल चालू असतं तो करतो.

ए-३०४: २०३ काकांचं म्हणणं उडवून लावू नका. मी या बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं केक, बिस्किटं, ब्रेड घेऊन लोकांची दारं वाजवतेय. काही काम नसताना नेलेला केक आणि काम असताना नेलेला केक, दोन्ही एकाच ओव्हनमधून निघालेले असले तरी दार उघडणाऱ्याला फरक लगेच कळतो. आपण आत पाऊल टाकायच्या आधी तो आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो, आता ही काय मागणार म्हणून.

म्हणून ५०१ ताई, माझं ऐका. आधी रिकाम्या हाताने जा. काम किती दिवस आहे, आवाजाचं काम कोणत्या वेळेला आहे ते स्वतःहून सांगा. त्यांना कोणती वेळ अडचणीची आहे ते विचारा आणि ती वेळ खरंच पाळा. केक त्यानंतर. आणि तो देताना ड्रिलचा विषयसुद्धा काढू नका. केकबरोबर विनंती गेली की त्या केकचा हप्ता होतो.

बी-५०१: हे पटलं काकू. मी दोन्ही एकत्रच करणार होते.

ए-६०२: मी मानसशास्त्र शिकतेय, म्हणून मध्ये बोलते. यावर प्रयोग झालेत. ॲलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन यांनी १९७२ मध्ये ग्रंथालयात अभ्यास करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना अचानक कुकीज दिल्या, काहींना दिल्या नाहीत. नंतर दुसऱ्याच कोणीतरी येऊन एका प्रयोगात काम कराल का म्हणून विचारलं. कुकी मिळालेले मदत करायला जास्त तयार झाले. पण काहींना मदतीचं काम न सांगता अभ्यास करणाऱ्यांना त्रास द्यायचं काम सांगितलं होतं. त्यासाठी मात्र कुकी खाल्लेले कमी तयार झाले! म्हणजे गोड खाल्लं म्हणून माणूस होयबा होत नाही. त्याचं मन प्रसन्न होतं आणि त्या प्रसन्नपणात तो दुसऱ्याचं भलं बघतो.

सी-२०३: मग माझी शंका चुकीची ठरली म्हणायची?

ए-६०२: नाही काका, तुमच्या बाजूनेही प्रयोग आहे. डेनिस रेगन, १९७१. प्रयोगात बरोबर बसलेला माणूस मध्येच बाहेर जाऊन येतो आणि न मागता शीतपेयाची बाटली आणून देतो. थोड्या वेळाने तोच माणूस सोडतीची तिकिटं घ्या म्हणतो. बाटली घेतलेल्यांनी जास्त तिकिटं घेतली, आणि तो माणूस ज्यांना आवडला नव्हता त्यांनीसुद्धा घेतली. ओझं असतं ते.

सी-२०३: बघा. मी तेच म्हणत होतो.

ए-३०४: दोघांतला फरक बघा ना. पहिल्यात कुकी देणारा वेगळा आणि मागणारा वेगळा होता. दुसऱ्यात ज्याने दिलं त्यानेच मागितलं. माझं सगळं म्हणणं यात आलं. द्या, आणि मागू नका. मागायचं असेल तर सरळ मागा, हातात डबा न घेता.

सी-४०२: एक वडील म्हणून कळकळीची विनंती. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. लोक प्रेमाने घेऊन येतात आणि म्हणतात, दाणे वरच लावलेत, काढून खाऊ दे. असं चालत नाही. त्याच मिक्सरमधून, त्याच उलथन्यावरून अंश लागलेला असतो आणि तेवढाही पुरतो. डब्यावर एक चिठ्ठी लावा आणि त्यात काय काय घातलंय ते सगळं लिहा. अंडं आहे की नाही, दूध, गहू, सुकामेवा, तीळ. चिठ्ठी असलेला डबा आमच्याकडे आला की मला भरून येतं. कोणीतरी माझ्या मुलाचा विचार केला असं वाटतं.

ए-३०४: फार मोलाचं बोललात. मी तर नेण्याआधी विचारतेच, त्यात लाजायचं काही नाही. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध घातलेलं काही त्याच्या तोंडाला लावू नका म्हणून सांगते, कारण त्या वयात मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकते. कुत्रा असेल तर चॉकलेट आणि मनुका त्याच्या हाती लागू देऊ नका म्हणून सांगते, दोन्ही त्याला विषारी. आणि मधुमेह असलेल्यांना 'साखर कमी घातलीय, खा' असा आग्रह मी करत नाही. मैद्यानेही साखर वाढतेच. त्यांच्याशी गप्पा मारायला मी तशीही जाते.

ए-१०२: माझा केक मधून बसतो हो. म्हणून कोणाकडे न्यायला संकोच वाटतो. विकतच्यासारखा दिसतच नाही.

ए-६०२: यावरही आहे! अमित कुमार आणि निकोलस एप्ली, २०२२. त्यांनी कपकेक घेतले होते. काहींना प्रयोगात भाग घेतल्याबद्दल कपकेक मिळाला आणि काहींना तोच कपकेक दुसऱ्या कोणीतरी आपणहून देऊ केला म्हणून मिळाला. दुसरे जास्त आनंदले. आणि देणाऱ्यांना याचा अंदाजच नव्हता. देणारा विचार करत बसतो वस्तूचा, कशी झालीय, पुरेल का. घेणाऱ्याला मात्र कोणीतरी आपली आठवण ठेवली याचंच अप्रूप असतं.

ए-३०४: १०२, बसलेला केक घेऊन खुशाल या. पण तो का बसतो तेही बघू. ओव्हनचं दार अर्ध्यात उघडता का? किंवा सोडा जास्त होत असेल. फुगतो भराभर, आणि मधला भाग शिजून घट्ट व्हायच्या आत खाली येतो. सोडा जास्त झाला की चवही साबणासारखी लागते. टिन दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. बिनअंड्याचा असेल तर सोड्याबरोबर व्हिनेगर किंवा लिंबू लागतं, आणि ते मिसळलं की गॅस तिथेच सुटायला लागतो. तेव्हा ओव्हन आधी तापलेला हवा, मिश्रण ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही.

ए-१०२: दार उघडते मी! दर पाच मिनिटांनी!

ए-३०४: मग सापडलं. आणि कोणाला द्यायचा असेल तर क्रीम लावू नका. क्रीमचा केक दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा, म्हणजे घेणाऱ्याला आधी फ्रीज रिकामा करायला लावणं आलं. लोण्याऐवजी तेल घातलेला साधा केक न्या. तेल घट्ट होत नाही, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकायचा नाही, नाहीतर वाफ आतल्या आत धरते आणि वरून चिकट होतो. आणि परत करावं लागेल असं भांडं नेऊ नका. कागदात गुंडाळून, चार तुकडे पुरे. पूर्ण केक दिला की घेणाऱ्याला फेडीची चिंता लागते.

अजून एक मनातलं बोलते. आपण केक कोणाकडे नेतो? ज्याच्याशी भांडण झालंय किंवा ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे. रात्रपाळीचे वॉचमन, जिना झाडणाऱ्या ताई, मागच्या महिन्यात आलेलं आणि अजून कोणाशी न बोललेलं भाडेकरू जोडपं, यांच्याकडे कोण जातं? त्यांच्याशी आपलं काही अडलेलं नसतं. माझ्या मते पहिला तुकडा तिथे गेला पाहिजे.

सी-२०३: हे मात्र शंभर टक्के मान्य. मला काही भाजता येत नाही, पण सामान आणून देईन. मैदा, लोणी, काय लागेल ते सांगा.

बी-४०१: मी ४०१. तुमचं सगळं वाचतेय. ज्यांच्या डोक्यावर ड्रिल चालतं त्या आम्हीच.

बी-५०१: काकू, माफ करा. नाव घ्यायचं नाही म्हणून घेतलं नव्हतं.

बी-४०१: माफीचं राहू दे. माझी मुलगी नर्स आहे, या महिन्यात तिला रात्रपाळी आहे. सकाळी घरी येते आणि ९ ते २ झोपते. तेवढा वेळ आवाज नको. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत तुमचं काम खुशाल चालू द्या, मी एका शब्दाने बोलणार नाही. केक नसता आणला तरी चाललं असतं. ही वेळ कोणी विचारली असती तर पहिल्याच दिवशी सांगितली असती.

बी-५०१: उद्यापासून सकाळी फक्त मोजमाप, पॉलिश आणि रंग. ड्रिल आणि कटर दुपारी ३ नंतर. सुताराशी आत्ताच बोलले, तो तयार आहे.

सी-२०३: सुतार बदलला किंवा नवा माणूस आला तर त्याला कळायला हवं. दारावर आतून वेळ लिहून लावा.

बी-५०१: लावते काका.

बी-४०१: बरं झालं. ३०४, तुमचा तो लांबट ब्रेड मी खाल्लाय एकदा. चांगला होता, पण वरचा भाग अजून पाच मिनिटं भाजायला हवा होता. रंग आल्याशिवाय ब्रेडला वास येत नाही.

ए-३०४: अहो, तुम्ही ब्रेड करता हे कधी बोलला नाहीत!

बी-४०१: करायचे. मनगटं दुखायला लागली, मळणं होत नाही. सोडून दिलं.

बी-५०१: काकू, न मळता होतो. पीठ सैलसर भिजवायचं, यीस्ट अगदी चिमूटभर, आणि बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं. पाण्यात आणि वेळेत ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारा चिवटपणा, आपोआप जुळून येतं. मग नुसत्या घड्या घालायच्या. मी तसाच करते, पण माझा खालून कच्चा राहतो.

बी-४०१: टिन कसला आहे?

बी-५०१: पातळ, चकचकीत ॲल्युमिनियमचा.

बी-४०१: तेच कारण. चकचकीत टिन उष्णता परतवतो, तळ भाजतच नाही. माझ्याकडे दोन काळे, जड टिन आहेत. माळ्यावर पडलेत. मला काढता येणार नाहीत, तुमच्या घरातलं कोणी चढेल का?

बी-५०१: मीच येते काकू. उद्या कधी येऊ?

बी-४०१: दोन वाजून गेल्यावर. बेल वाजवू नका, फोन करा. आणि भिजवलेलं पीठ घेऊन या, बघते किती सैल ठेवता ते.