मदत हवी आहे: वायरमनचं कुटुंब, दोन लेकरं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड की जर्मनी?

नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही औशाचे, जिल्हा लातूर. आमचे हे वीजतंत्री, म्हणजे आयटीआयची दोन वर्षं केलेले इलेक्ट्रिशियन. गावात सगळे वायरमनच म्हणतात. आधी वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला होते, ते सोडून २०१३ ला औशात दुकान टाकलं. घरांचं वायरिंग, बोअरच्या मोटरी, स्टार्टर, पॅनेल. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात यांना जेवायला फुरसत नव्हती. ज्याची त्याची मोटर आणखी खाली सोडायची होती. काम आजही कमी नाही. पण अर्धी उधारी सोयाबीन विकल्यावर येते, आणि भाव पडला की तीही पुढच्या सुगीवर जाते.

यांचं वय ३८, दिवाळीला ३९ पूर्ण. मी बी.ए., डी.एड., नोकरी नाही. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. सासूबाई आमच्याजवळच असतात.

आखाताचा विचार आम्ही सोडला. यांचा मामेभाऊ तिकडं नऊ वर्षं आहे, पैसे पाठवतो, पण लेकरं इकडं आणि तो तिकडं. शिवाय कायमचं राहता येत नाही. एका एजंटनं यांच्यासाठी साडेतीन लाख मागितले होते. नंतर कळलं की सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. ई-मायग्रेटवर, म्हणजे अशा नोंदणीकृत एजंटांची यादी असलेल्या सरकारी संकेतस्थळावर, त्याचं नावच सापडलं नाही. बरं झालं, बयाणा दिला नव्हता.

कॅनडाचं नाव काढलं की हे म्हणतात, "घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, भिंती लाकडाच्या. माझा अर्धा अनुभव विमानातच उतरंल." हसण्यावारी नेलं होतं, पण खरंच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि वायरिंगच्या नियमांचं पुस्तकही दोघांचं एकच.

जर्मनीचं वेगळं. आपल्या राज्याचा तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार २०२४ ला झाला तेव्हापासून इकडं जो तो जर्मनचे क्लास सांगायलाय. यांना इंग्रजीच जेमतेम, त्यात जर्मन. लेकरं शिकतील पटकन, यांचं काय?

आता खरी अडचण. यांचं एकच म्हणणं आहे: "इथं चार पोरं माझ्या हाताखाली आहेत. तिथं जाऊन कुणाला पक्कड द्यायची असंल तर मला नको." म्हणून पगार जास्त कुठं, हे मी विचारत नाही. स्वतःच्या परवान्यावर काम करायला यांना सगळ्यात लवकर कुठं मिळेल, एवढं सांगा.

ऑस्ट्रेलिया कायम राहायला येणाऱ्यांना गुण देऊन निवडते, त्याचं गणित मी वहीवर मांडलं. वयाचे २५ गुण, पण ते चाळिशीपर्यंतच, नंतर १५. आयटीआयचा कागद मान्य झाला तर १०. माझं इंग्रजी आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) प्रत्येक विभागात ६ आलं तर जोडीदाराचे ५. ४९१ या व्हिसाला (मोठी शहरं सोडून राहायचा) तिथल्या एखाद्या राज्यानं नाव सुचवलं की १५. अनुभव मोजतात गेल्या दहा वर्षांतला, म्हणजे वाळूज गेलं. दुकानाचे इन्कमटॅक्सचे कागद तीनच वर्षांचे, बाकी सगळा रोखीचा धंदा. म्हणून अनुभवाचे फक्त ५. बेरीज ६०. लागतात किमान ६५. इथंच अडलंय.

आणखी एक. दहावीच्या सर्टिफिकेटवर यांचं आडनाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या. राजपत्रात नाव छापून घ्यावं की प्रतिज्ञापत्र चालतं?

प्रतिसाद, परभणीकर (सध्या अ‍ॅडलेड):

ताई, मी इथं इलेक्ट्रिशियन आहे, आठ वर्षं झाली. तुम्ही अनुभव शोधत बसलात आणि इंग्रजी सोडून दिलंत. दादांना प्रत्येक विभागात ७ मिळाले तर १० गुण वाढतात, म्हणजे बेरीज ७०. त्यावर निमंत्रण (व्हिसाचा अर्ज करा असं तिथल्या सरकारचं बोलावणं) येईलच असं नाही, पण रांगेत तरी लागता. आणि वय निमंत्रणाच्या दिवशीचं धरतात, अर्जाच्या नाही, त्यामुळे उशीर करू नका.

हाताखालचं विचाराल तर खोटं सांगत नाही. कागद तपासून, प्रत्यक्ष काम करवून घेऊन तिकडं भारतातच कौशल्याची परीक्षा होते. इथं उतरल्यावर तात्पुरता परवाना मिळतो आणि साधारण वर्षभर परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करून इथल्या नियमांचा कोर्स पुरा करावा लागतो. पगार पहिल्या दिवसापासून. मलाही राग आला होता. माझा देखरेख करणारा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. न्यूझीलंडमध्येही आधी देखरेखीखालीच. फरक एवढा की तिथं इलेक्ट्रिशियन ग्रीन लिस्टवर, म्हणजे देशाला हव्या असलेल्या कामांच्या यादीत आहे: मान्यताप्राप्त मालकाकडं नोकरी मिळाली आणि २४ महिने काम झालं की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, वयाची अट ५५. गुणांची वही नको. पण नोकरी आधी हवी, आणि औशात बसून ती मिळवणं सोपं नाही.

४९१ वर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहावं लागतं. अ‍ॅडलेड आणि पर्थ चालतात. अ‍ॅडलेड आपल्याला मानवेल. उन्हाळ्यात ४० च्या वर जातं, पाऊस कमी, तोही हिवाळ्यात. लातूरकरांना पाणी जपून वापरायला कुणी शिकवायला नको.

सासूबाईंचं मात्र आत्ताच बोलून घ्या. स्वस्तातल्या पालक व्हिसाची रांग दशकांची आहे, महागड्याचा खर्च लाखांत. पाहुणी म्हणून येणं-जाणं होतं, बस. हे मी घरी उशिरा सांगितलं.

रोखीच्या कामाचा पुरावा होतो. होलसेलवाल्याची माल घेतल्याची बिलं, बँकेतला भरणा, गिऱ्हाईकांची पत्रं, कामाचे तारखेसकट फोटो. एकटा कागद चालत नाही, सगळे मिळून गोष्ट जुळली पाहिजे.

औसेकर (धागाकर्ती):

दादा, खूप आभार. रात्री यांना वाचून दाखवलं. अकरा वर्षांनी लहान, इथं थांबले, काही बोलले नाहीत. सकाळी उठून माळ्यावर चढले आणि बिलबुकं खाली काढली. चौदा निघाली. त्यांतली दोन बुकं उंदरांनी खाल्लीत. बाकीच्यांत २०१७ पासूनच्या पावत्या आहेत, काहींवर गिऱ्हाईकाची सही, काहींवर अंगठा.

इंग्रजीचा क्लास लातूरला आहे, मंगळवारपासून दोघंही जातो. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

एकच विचारायचं राहिलं. सगळ्या पावत्या मराठीत आहेत, यांच्या हातच्या. एका बुकात पन्नास. प्रत्येकीचं इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं, की दर महिन्याच्या दोन-चार निवडून चालतात?