शब्दचर्चा: टॉलरन्सला 'सूट' म्हणावं का? (आणि गाळा, जातो, आऊट)

बोअरगेज, जळगाव:
मशीनशेजारी लावायच्या तपासणीच्या सूचना मराठीत करतोय. ड्रॉइंग इंग्रजीतच राहणार. टॉलरन्सवर, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या शब्दावर, अडलंय. 'सहिष्णुता' भिंतीवर लावली तर पोरं हसतील. मशीनवर 'सूट' चालतं, कुणी 'मुभा' म्हणतं. पण '५० मिमी, सूट ०.०५' वाचून एक जण ५०.०० ते ५०.०५ धरतो आणि दुसरा ४९.९५ ते ५०.०५. शिवाय 'गाळा' हा शब्दही याच अर्थाने वापरणारे आहेत. काय लिहावं?

तापीकाठ:
घोळ शब्दाचा नाही, एकच आकडा लिहिण्याचा आहे. सरळ किमान आणि कमाल लिहा. २५ एच७ चं बोअर (२५ मिमीचं भोक, एच७ हा टॉलरन्सचा प्रमाण वर्ग) असेल तर 'किमान २५.०००, कमाल २५.०२१'. बेरीज-वजाबाकी मशीनवाल्याच्या डोक्यावर ठेवायचीच नाही.

गाळा मात्र वेगळा. सूट एका पार्टची, गाळा जोडीचा, म्हणजे भोक आणि शाफ्ट यांच्यातली मोकळी जागा. त्याच बोअरमध्ये २५ जी६ चा (जी६ हा शाफ्टचा तसाच वर्ग) शाफ्ट जाणार असेल तर शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे गाळा कमीत कमी ७ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), जास्तीत जास्त ४१. यातला कमीत कमी गाळा डिझाइनवाल्याने मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला अलाउन्स म्हणतात. अलाउन्सलाही 'सूट' म्हणणारे भेटतात, तिथे थांबवा. 'मुभा' नकोच. मुभा माणसाला देतात, लोखंडाला नाही.

भुसावळकर:
नाना, कागदावर 'सूट' ठीक, तोंडी नको. जुने फिटर अजून सुतात बोलतात आणि मशीन चालू असताना 'दोन सूट' आणि 'दोन सूत' सारखंच ऐकू येतं. एक सूत म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी! तोंडी 'टॉलरन्स'च म्हणा, सगळ्यांना कळतं. 'थाऊ'चंही तसंच. एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉनचा, म्हणजे वर सांगितलेली एच७ ची अख्खी २१ मायक्रॉनची पट्टी एका थाऊत संपते. 'एखाद थाऊ इकडेतिकडे' म्हणणाऱ्याने जॉब भंगारात घातलाच समजा.

बोअरगेज:
पटलं. मग प्लग गेजच्या (बोअरमध्ये घालून तपासायचा दंडगोल) दोन टोकांना 'गो' (किमान मापाचं) आणि 'नो-गो' (कमाल मापाचं)च ठेवतो. पण क्रियापद काय? 'गेज बसला पाहिजे' असं लिहिलं होतं.

तापीकाठ:
'बसला' काढा. प्रेस फिटमध्ये बुश बसतो, ठोकून. गेज 'जातो' किंवा 'जात नाही'. गो टोक हलक्या हाताने, शक्यतो गेजच्या वजनानेच जायला हवं. 'बसला पाहिजे' वाचलं की पोरगा दाबून बसवणार, आणि गो टोक झिजून बारीक झालं की लहान बोअरही ओके होऊन पुढे जातात. लाल खूण असलेलं नो-गो टोक जायला नको, हे वेगळ्या ओळीत लिहा.

गो जात नाही म्हणून लगेच रिजेक्टही नको. आधी कडेचा बर (धातूची उभी राहिलेली धार) काढा, बोअरमधली चिप आणि कूलंट पुसा, मग परत लावा.

सूचनेत आणखी एक ओळ हवी: 'जॉब थंड झाल्यावरच गेज लावणे.' मापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये चाळिशी पार असते. जॉब आणि गेज दोन्ही पोलादी, दोन्ही एकाच तापमानाला, तर फारसं बिघडत नाही, दोघं सारखेच फुगतात. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. २० अंश चढले की २५ मिमीचं ॲल्युमिनियम बोअर ११-१२ मायक्रॉन मोठं होतं, पोलादी गेज सहाच्या आसपास. मशीनवरून गरम उतरलेल्या जॉबचा फरक याहून जास्त. इथे गो गेला, ग्राहकाकडे थंड खोलीत अडकला, हे अशानेच होतं.

भुसावळकर:
यादीत 'आऊट' पण घ्या भो, सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून. 'शाफ्ट चार आऊट आहे' म्हणजे शाफ्टला टेकवलेल्या डायल गेजचा काटा शाफ्टच्या पूर्ण फेरीत ०.०४ मिमी हलला, की केंद्र ०.०४ ने सरकलं? केंद्र ०.०४ सरकलं तर काटा ०.०८ हलेल. ड्रॉइंगवरचा रनआउट म्हणजे काट्याची पूर्ण हालचाल. म्हणून 'आऊट' एकटा लिहू नका, 'डायलची पूर्ण हालचाल ०.०४ पर्यंत' असं लिहा.

पाईपवाला:
मेटलवाल्यांनीच सगळी जागा घेतली, दोन शब्द पाईपचेही घ्या. 'जाडी' आणि 'ओव्हल'. पीव्हीसी पाईपची जाडी सपाट तोंडाच्या मायक्रोमीटरने घेतली तर आतल्या वक्र बाजूला तोंड कडांवर टेकतं आणि जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. पातळ पाईप पास होतो तो असा. एका बाजूला गोळी असलेला मायक्रोमीटर घ्या आणि घेरावर बऱ्याच ठिकाणी मापा. एक्स्ट्रूडरची (पाईप काढणाऱ्या मशीनची) डाय केंद्रात नसेल तर एक बाजू जाड, समोरची पातळ निघते, म्हणून 'जाडी' ऐवजी 'सर्वात कमी जाडी' लिहा.

'ओव्हल' म्हणजे एकाच छेदातला मोठ्यात मोठा बाहेरचा व्यास वजा लहानात लहान. सरासरी व्यास पाय टेपने (घेराभोवती गुंडाळली की थेट व्यास दाखवणारी पट्टी) घ्यायचा, व्हर्नियरने दाबून नाही. उन्हात थप्पी लावलेल्या पाईपांत खालचे चपटे होतात, त्यांचा सरासरी व्यास बरोबर येतो आणि कपलर तरी चढत नाही. तेव्हा रजिस्टरमध्ये 'साइज ओके' एवढं लिहून भागत नाही, व्यास आणि ओव्हल असे दोन रकाने हवेत.