बाळंतपणानंतरच्या गर्भनिरोधनाचं आत्ताच ठरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. मला ३२ वा आठवडा सुरू आहे. थोरली सव्वा वर्षाची. ती नऊ महिन्यांची असताना पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, आणि तोवर पाळी एकदाही आली नव्हती! अंगावर पाजतेय म्हणजे काळजी नाही, असं धरून चालले होते. मागच्या वेळी हा विषय निघाला तो थेट घरी सोडताना. टाके दुखत होते, बाळ रडत होतं, काय सांगितलं ते काही आठवत नाही. हे बाळही आम्हाला हवंच आहे, पण यानंतर निदान दोन-तीन वर्षं शरीराला सावरू द्यायचंय.

तांबीचा विचार करतेय. प्रसूतीनंतर लगेच बसवली तर निसटते का? गोळ्यांनी दूध आटतं का? ऑपरेशन नकोय.

प्रतिसाद:
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. स्तनपानाच्या भरवशावर राहायचं तर बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी न आलेली, हे तिन्ही एकदम लागतं. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, म्हणून तुम्हाला पाळी न येताच दिवस राहिले.

तांबी वार पडल्यावर १० मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत बसवतात, सिझेरियनमध्येही त्याच वेळी. ते हुकलं तर चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. लगेच बसवलेली निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, त्यामुळे सहा आठवड्यांनी तपासून घ्याच. दुधावर तिचा परिणाम होत नाही. तुमची संमती आत्ताच केसपेपरवर लिहून घ्या. कळांमध्ये असा निर्णय कुणावर येऊ नये, हे मी कळकळीने सांगते. मत बदललं तर ऐनवेळी नाही म्हणायचा हक्क तुमचाच.

इस्ट्रोजेन या हार्मोनच्या गोळ्या पाजत असताना पहिले सहा महिने टाळतात. फक्त प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनच्या चालतात. प्रसूतीत जास्त रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला तर तांबी लगेच बसवत नाहीत, म्हणून दुसरा पर्यायही ठरवून ठेवा.

धागाकर्ती:
दुसऱ्या पर्यायाचं डोक्यातच आलं नव्हतं! पुढच्या तपासणीला नवऱ्यालाही नेतेय, दोन्ही लिहून नेते. प्रोजेस्टिनच्या गोळ्यांना वेळ पाळावी लागते का? जागरणात माझी चुकेल.

प्रतिसाद:
हो, रोज त्याच वेळी. काही गोळ्यांना तीन तासांचा उशीरही चालत नाही, काहींना बारापर्यंत चालतो. तुम्हाला कोणती देणार, ते आधीच विचारा.