४२९४९६७२९७ : ६४१ सापडतो कसा?

४२९४९६७२९७ म्हणजे २^३२ + १ ही संख्या फ्रेंच गणिती फर्माला मूळ (१ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी) वाटली होती, आणि स्विस गणिती ऑयलरने १७३२ साली ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवले. पण थेट ६४१ पर्यंत पोचायचं कसं? या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४क + १ (क पूर्णांक) याच रूपाचा असतो. त्यामुळे उमेदवार मोजकेच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच काम फत्ते!

भागाकार न करताही हे दिसतं, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात झकास वाटतो. ६४१ = ५ × २^७ + १, शिवाय ६४१ = ५^४ + २^४. म्हणजे ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ टाका, की −२^३२ ची बाकी १. झालं, २^३२ + १ ला नि:शेष भाग गेला.

गंमत म्हणजे फर्माचीच मूळसंख्या-चाचणी (न मूळ असेल, तर पायाच्या न − १ व्या घाताला न ने भागून बाकी १ उरायला हवी) २ हा पाया घेऊन लावली, तर ही संख्या बिनदिक्कत पास होते. ३ घेतला की मात्र पितळ उघडं पडतं.