अनुभव धागा: जुन्या अपराइट व्हॅक्यूमच्या पाइपला ओढच नाही. काय तपासायचं?

अमेरिका-इंग्लंडातल्या घरांत दहा-पंधरा वर्षं जुनी अपराइट (उभ्या दांड्याची) व्हॅक्यूम अजून धडधाकट चालतात. खालचा ब्रश गालिचा झाडतो, पण पाइप काढून जिन्यावर किंवा सोफ्यावर लावला की कचरा जागचा हलत नाही. ज्यांनी अशी मशीनं स्वतः उघडून दुरुस्त केलीत, त्यांनी अनुभव लिहा. बिघाड नेमका कुठे सापडला आणि तो कसा ओळखला, हे आवर्जून सांगा.

न्यू जर्सी

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कान द्या. मशीन चालू करून पाइपचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा. मोटरचा आवाज लगेच चढला, तर हवेची वाट ठीक आहे. आवाज आधीपासूनच चढलेला असेल आणि हात लावून फरक पडत नसेल, तर आत कुठेतरी चोंदलंय. आवाज खालचाच राहिला आणि हात लावूनही चढला नाही, तर हवा मधूनच कुठूनतरी आत शिरतेय, म्हणजे गळती. हे उलटं वाटतं, पण वाट बंद झाली की पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही, भार उतरतो आणि मोटर जोरात फिरते.

आणखी एक. ब्रश गालिचा झाडतोय म्हणजे सक्शन चांगलं आहे असं धरून चालू नका. ब्रश आपल्या फिरण्यानेच बराच कचरा उडवून आत टाकतो. पाइपला ती मदत नसते, म्हणून दुखणं आधी तिथे दिसतं.

टेक्सास

आवाजावरून दिशा कळली की टप्प्याटप्प्याने हात लावत जा. पाइप बुडाशी काढा आणि तो जिथे बसतो त्या भोकावर हात ठेवा. तिथे ओढ जोरदार असेल तर दोष पाइपमध्येच आहे. तिथेही नसेल तर डबा, फिल्टर, मोटर असं एकेक करत मोटरकडे जायचं. प्रत्येक वेळी भाग काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा.

पाइपमधून एक गोटी सोडून बघा. ती पलीकडे पडली नाही तर बोळा आहे. तो बहुतेक वेळा टोकाच्या वळणावर असतो: लांब केसांचं गुंतवळ, त्यात अडकलेली हेअरपिन आणि भोवती जमलेली धूळ. पाइप पूर्ण ताणून झटका, मग गुळगुळीत टोकाची लाकडी काठी घाला. कपड्यांच्या हँगरची तार कृपया घालू नका, पातळ प्लास्टिक आतून फाटतं आणि एकाचे दोन बिघाड होतात.

चीर शोधायची तर अंधाऱ्या खोलीत पाइपच्या आत मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडून पाइप ताणा, उजेडाची रेघ दिसते. चीर हटकून मुठीजवळ पडते, कारण वाकणं-पिळणं तिथेच होतं. ती टोकापासून दोन-तीन इंचांत असेल तर तेवढा तुकडा कापा आणि मूठ पुन्हा फिरवून बसवा. बऱ्याच पाइपांचे आटे उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी दोन्ही बाजूंनी हलकं फिरवून बघा. चिकटपट्टी तात्पुरती ठीक, पण ताणल्या जाणाऱ्या पाइपवर ती टिकत नाही.

लेस्टर, इंग्लंड

पाइप साफ आहे, चीर नाही आणि तरीही ओढ नाही, तर झडप बघा. डायसन कंपनीच्या डीसी०७, डीसी१४ या जातीच्या मशीनमध्ये दांडा सरळ उभा करून खटका बसला की झडप ब्रशची वाट बंद करून पाइपची उघडते. झडपेच्या रबरी कडेखाली केस किंवा खडा अडकला की वाट अर्धी-अर्धी वाटली जाते आणि पाइपला उरलेली ओढ मिळते. तपासणी सोपी आहे: दांडा सरळ ठेवून मशीन चालू करा आणि ब्रशच्या तोंडापाशी, फिरत्या भागापासून लांब, टिश्यू पेपर धरा. तो ओढला गेला तर झडप नीट बसत नाही. रबर ओल्या फडक्याने पुसा, फाटलं असेल तर बदला. पेट्रोलियम जेली लावू नका, काही रबरं तिने फुगतात.

डब्याच्या झाकणाचं वायसरही त्याच हाताने पुसून घ्या. रेतीचा एक कण हवा आत सोडायला पुरेसा असतो.

कॅलिफोर्निया

दिवाळीनंतर हमखास येणारी तक्रार: रांगोळी व्हॅक्यूमने उचलली आणि सक्शन पडलं. रांगोळी, पिठी, टाल्कम, भिंत घासल्याची भुकटी, हे सगळं फिल्टरची छिद्रं बुजवतं. बॅगवाल्या मशीनमध्ये बॅग अर्धी रिकामी दिसते, पण तिचा कागद बुजलेला असतो. आपटून उपयोग नाही, बदला. रांगोळी आधी सुपलीत भरून घ्यायची, उरलेली ओल्या फडक्याने पुसायची.

धुता येणारा फोमचा फिल्टर नळाखाली, साबण न लावता, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळा आणि किमान 24 तास वाळवा. ओलसर बसवला तर धुळीचा चिखल होतो आणि वास येतो. मोटरनंतर, हवा बाहेर पडते तिथला दुसरा फिल्टर लोक विसरतात. तो चोंदला तरी ओढ जाते आणि मोटर तापून मध्येच बंद पडते. ती आपोआप बंद पडली तर गार होऊ द्या, पण कारण शोधल्याशिवाय पुन्हा तासभर चालवू नका.

पुणे

परत येताना अमेरिकेतलं मशीन आणणाऱ्यांसाठी. ते 120 व्होल्टचं, 12 अँपिअर म्हणजे 1440 वॉटचं असतं. लहान ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज खाली बसतं, मोटर मंद फिरते, आणि पाइप-फिल्टर निर्दोष असूनही ओढ कमी येते. किमान 2000 वॉटचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या. इंग्लंडातल्या मशीनला फक्त प्लग बदलावा लागतो.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज मंद, आत भरपूर ठिणग्या आणि जळका वास असेल, तर मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे) झिजलेत. दोन्ही एकदम बदला, एकच बदलू नका.